पुण्यातला मॉर्मन, सन 1852

पुण्याच्या इतिहासावर लिहायचं म्हटलं की शनिवारवाडा, फुले, टिळक, पानशेत अशी गाडी ठरलेल्या स्टेशनांवर थांबत जाते. आज जरा आडस्टेशनला उतरू. सप्टेंबर 1852 मध्ये पुण्यात एक छोटीशी मंडळी स्थापन झाली. सभासद मोजून बारा. काही युरोपियन, काही युरेशियन (म्हणजे आजच्या भाषेत अँग्लो-इंडियन), काही इथले. प्रमुख होता ह्यू फिन्डले नावाचा तिशीच्या आसपासचा स्कॉटिश माणूस. आणि पंथ कुठला? तर मॉर्मन!

हो, तेच. पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी नावाची पट्टी लावून जोडीने फिरणारी अमेरिकन पोरं. आपल्याकडे ती फारशी दिसत नाहीत, पण युटाच्या क्लायंटबरोबर काम केलं असेल तर त्यांचे 'निवृत्त' नमुने नक्की भेटले असतील. आमच्या प्रोजेक्टवर तिकडचा एक जण होता. उंच, गोरा, चहा-कॉफी दोन्ही वर्ज्य (आयटीत जगतो कसा हा माझा पहिला प्रश्न), आणि एके दिवशी कॉलवर मनिलाच्या टीमशी फाडफाड तागालोगमध्ये बोलायला लागला. विचारलं तर म्हणाला, मिशनवर होतो ना दोन वर्षं.

मग त्याने सांगितलेली दिनचर्या ऐकून आम्ही गारच झालो. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला झोपायचं. व्यायाम, पोथीचा अभ्यास, भाषेचा अभ्यास, मग दिवसभर दारोदार. बहुतेक दारं बंदच व्हायची. जोडीदार वरून नेमून दिलेला, त्याला सोडून एकट्याने कुठेही जायचं नाही. सिनेमा नाही, डेटिंग नाही. कपडे धुणं, वाणसामान आणि घरी ईमेल, हे सगळं आठवड्यातल्या एका 'तयारीच्या दिवशी'. घरी फोन वर्षातून फक्त दोनदा, नाताळ आणि मदर्स डे. (हा नियम 2019 मध्ये सैल झाला, आता दर आठवड्याला बोलता येतं.) पगार शून्य. उलट खर्च स्वतःचा किंवा घरच्यांचा. अमेरिकन पोरांसाठी 2020 पासून तो महिन्याला 500 डॉलर आहे. आणि वय? 2012 पासून मुलगे अठराव्या वर्षीच जाऊ शकतात. मी अठराव्या वर्षी मेसच्या डब्यात रोज बटाटा का, यावर भांडत होतो. असो.

तर फिन्डलेकडे वळू. जोसेफ स्मिथने 1830 साली न्यूयॉर्क राज्यात हा पंथ सुरू केला. 1844 मध्ये जमावाने त्याला गोळ्या घातल्या. 1847 मध्ये ब्रिगहम यंग उरलेल्यांना घेऊन सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला. म्हणजे फिन्डले हिंदुस्थानात आला तेव्हा सॉल्ट लेक सिटी पाच वर्षांची होती, आजच्या वाघोलीतल्या निम्म्या सोसायट्यांपेक्षा लहान. ज्यांचं स्वतःचं गाव अजून धड वसलेलं नव्हतं ते जगभर माणसं पाठवत होते. याला वेडेपणा म्हणायचं की आत्मविश्वास, तुम्हीच ठरवा.

फिन्डले इंग्लंडमधून एप्रिल 1852 मध्ये मुंबईत उतरला. रेल्वे अजून सुरू व्हायची होती (बोरीबंदर-ठाणे एप्रिल 1853), आणि पुण्याला गाडी यायला 1858 उजाडलं. मुंबईहून पुण्याला यायचं म्हणजे खाडीतून होडीने पनवेल आणि तिथून 1830 साली झालेल्या रस्त्याने बोरघाट चढायचा. मुंबईतल्या पाद्र्यांनी आणि वर्तमानपत्रांनी त्याला उभं राहू दिलं नाही, म्हणून त्याने पुणं धरलं. इथे गोऱ्या सोल्जरांची मोठी वस्ती होती, ऐकणारे मिळतील असा हिशेब. पण कॅन्टोन्मेंट म्हणजे लष्कराचा शब्द अखेरचा, आणि लष्कराचा शब्द होता 'नाही'. तरीही बारा जण जमले.

त्याने मराठी शिकायला घेतली. मराठ्यांना उद्देशून त्याने लिहिलेली एक पुस्तिका मुंबईत छापली गेली. तेव्हाचं पुणं डोळ्यांसमोर आणा. भिडेवाड्यातली मुलींची शाळा चार वर्षांची झाली होती. नोव्हेंबर 1852 मध्ये सरकारने विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा शाल देऊन सत्कार केला. त्या गर्दीच्या महिन्यांत हा माणूस गावात होता, आणि त्याची नोंद आपल्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही.

तिकडे ऑगस्ट 1852 मध्ये सॉल्ट लेकला अधिवेशन भरलं आणि शंभराच्या आसपास लोकांना एका झटक्यात परदेशी नेमण्यात आलं. इंटरव्ह्यू नाही, चॉइस नाही, नाव पुकारलं की निघायचं. तेरा जणांच्या वाट्याला हिंदुस्थान आणि सयाम आले. बरेच जण बायका-पोरं मागे ठेवून आले होते. सॅन फ्रान्सिस्कोहून 'मॉन्सून' नावाच्या जहाजाने (नाव तरी बघा!) 86 दिवसांनी, एप्रिल 1853 च्या अखेरीस, ते कलकत्त्याला पोचले. ऐन उन्हाळा. त्यात तत्त्व असं की थैली न बाळगता फिरायचं. पगार नाही, भत्ता नाही, देवाच्या भरवशावर जो जेवू घालेल त्याच्याकडे जेवायचं. अमॉस मिल्टन मसर त्यांच्यातला तरुण, बावीस वर्षांचा. तो पुढे कराचीला जाऊन राहिला.

थैली न बाळगण्याचं हे गणित इंग्लंडमध्ये चालत होतं. तिथे प्रचारक आणि ऐकणारा एकाच थरातले, भाषाही एकच. इथे तुम्ही गोरे. गोऱ्याने फाटक्या बुटात दाराशी येऊन जेवण मागावं हे साहेबालाही लाजिरवाणं वाटणार आणि ब्राह्मणाला तर त्याला पंक्तीला घेणं शक्यच नाही. शिवाय इथल्या लोकांनी तोपर्यंत मिशन म्हणजे काय ते पाहिलेलं होतं. मिशन म्हणजे शाळा, दवाखाना, छापखाना, निदान नोकरी. जात सोडून येणाऱ्याला घर, रोजगार, लग्न सगळंच नव्याने लागतं. कलकत्त्याजवळ सुरुवातीला दीडशेच्या वर शेतकरी या पंथात आले होते. इथे पदरात काही पडत नाही हे दिसल्यावर जवळजवळ सगळे गळाले. त्यांना लोभी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. समाजाने वाळीत टाकलेल्या माणसाने जेवायचं कुठे, हा प्रश्न खराच होता.

वर आणखी एक बॉम्ब. ज्या अधिवेशनात ही माणसं नेमली त्याच अधिवेशनात पंथाने बहुपत्नीत्व जाहीरपणे मान्य केलं. ही बातमी कलकत्त्या-मुंबईच्या पेपरांत पोचली आणि गोऱ्या समाजाची उरलीसुरली दारंही बंद झाली. म्हणजे टीम ऑनसाइटला पाठवायची आणि हेड ऑफिसने त्याच दिवशी अशी प्रेसनोट काढायची. (ज्यांनी क्लायंटसमोर हे भोगलंय त्यांना जास्त सांगायला नको.)

आता दुसरं मिशन बघा. गॉर्डन हॉल हा मॅसॅच्युसेट्सचा माणूस फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरला तेव्हा 28 वर्षांचा होता, म्हणजे माझ्याएवढा. कंपनी सरकार त्याला हाकलायला टपलेलं. तो आणि त्याचा सोबती सॅम्युअल नॉट गुपचूप जहाजाने कोचीनला सटकले, तिथून पकडून परत आणले. शेवटी कशीबशी राहायची परवानगी मिळाली. मग तेरा वर्षं मराठी, शाळा, भाषांतरं. 1826 मध्ये नाशिककडे कॉलऱ्याची साथ होती. हॉलने जवळची बहुतेक औषधं रोग्यांना वाटून टाकली आणि परतीच्या वाटेवर त्र्यंबकच्या बाजूच्या एका खेड्यात त्यालाच कॉलरा झाला. 20 मार्चला तो देवळाच्या ओवरीत गेला. वय 41. बायको-मुलं आदल्याच वर्षी अमेरिकेला गेली होती.

हॉलच्या हयातीत धर्मांतरं जवळजवळ झालीच नाहीत. आकडे बघितले तर त्याचं मिशन फिन्डलेपेक्षाही नापास. पण त्याच्यामागे पगार देणारं बोस्टनचं बोर्ड होतं, आणि माणूस मेला की दुसरा येत होता. आमच्या वाघोलीवरून जाणारा नगर रस्ता जिथे पोचतो त्या अहमदनगरला (2024 पासून अहिल्यानगर) त्यांनी 1831 मध्ये ठाणं केलं. 1842 मध्ये तिथून 'ज्ञानोदय' निघाला. मिस सिंथिया फॅरार 1827 मध्ये आली आणि 1862 मध्ये नगरलाच वारली. पस्तीस वर्षं मुलींना शिकवलं. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते हिच्याकडे असं सांगितलं जातं. फिन्डलेच्या पुण्यातल्या तीन वर्षांत उत्साह कमी नव्हता, कष्टही कमी नव्हते. पण त्याच्या पंथाची शिकवणच अशी होती की बाप्तिस्मा घेतलेल्याने युटाला येऊन राहावं. म्हणजे मंडळी जितकी यशस्वी, तितकी ती इथून रिकामी होणार! मेंटेनन्स टीमच नाही अशा प्रोजेक्टचं जे होतं ते झालं.

फिन्डले 1855 मध्ये गेला. 1856 मध्ये रॉबर्ट स्केल्टन कलकत्त्याहून निघाला आणि ते मिशन संपलं.

त्या तेरा जणांतला लेव्ही सॅव्हेज मला सगळ्यात जवळचा वाटतो. त्याला सयामला जायचं होतं, तो ब्रह्मदेशातच अडकला. तिथे हाती काही लागलं नाही. जगाला वळसा घालून घरी परतताना 1856 च्या ऑगस्टमध्ये तो नेब्रास्कात पोचला, तिथे हातगाड्या ओढत युटाला निघालेला नव्या लोकांचा तांडा उभा होता. सॅव्हेजने भर सभेत सांगितलं, फार उशीर झालाय, बर्फात म्हातारे आणि पोरं मरतील, हिवाळा इथेच काढा. त्याला श्रद्धा कमी म्हणून गप्प करण्यात आलं. बहुमत निघायचं ठरलं तेव्हा तो म्हणाला, मग मीही येतो, मदत करीन, तुमच्याबरोबर उपाशी राहीन. वाटेत बर्फात सत्तरच्या आसपास माणसं मेली. सॅव्हेज शेवटपर्यंत बरोबर होता, आणि घरी पोचला तेव्हा त्याला निघून चार वर्षं झाली होती.

पुण्यातल्या त्या बारा जणांपैकी मागे राहिलेल्यांचं काय झालं असेल याचा मी बराच विचार केला. जात सुटलेली, पंथ सातासमुद्रापार निघून गेलेला. युरोपियन सभासद पुन्हा आपल्या चर्चमध्ये जाऊन बसू शकत होते. इथल्यांना परत जायला वाट अरुंद होती. या पंथाचं रीतसर मिशन हिंदुस्थानात पुन्हा उभं राहिलं ते 1993 मध्ये, बंगलोरला.