जाड काचेची बाटली

माझ्या मामाच्या घरी, संगमनेर तालुक्यातल्या पठार भागात, घारगावच्या पुढे, रॉकेलसाठी एक बाटली होती. गडद हिरवी, भलतीच जड, बुडाला आत दाबलेला खळगा. दोनदा फडताळावरून पडली, पण फुटली नाही. तिच्यावरच्या अर्धवट सोललेल्या कागदावर इंग्रजीत ‘ओमर खय्याम’ लिहिले होते. मामी समजायची, कुणा पिराचे नाव असावे. पुणे-नाशिक रस्त्यावर ट्रक चालवणाऱ्या कुणीतरी ती रिकामी बाटली नारायणगावहून आणून दिली होती. मामा माळकरी. बाटलीत आधी काय होते ते त्याला पक्के ठाऊक होते, पण चांगली काच टाकून देणे त्याच्या स्वभावात नव्हते.

मामाच्या घरापासून आळेफाटा ओलांडला की तासाभरात नारायणगाव येते. जिल्हा बदलतो, माती फारशी बदलत नाही. तिथे शामराव चौगुले या उद्योजकाने १९८२च्या सुमारास एक वेडे वाटावे असे काम हाती घेतले. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातल्या पायपर-हाइडसिक या जुन्या घराण्याचे तांत्रिक साहाय्य मिळवून त्यांनी जुन्नर तालुक्यात फसफसणारी वाइन करायला घेतली. कंपनीचे नाव पुढे शातो इंदाज म्हणून गाजले. शॅम्पेन हे नाव त्या प्रांताबाहेरच्या वाइनला लावता येत नाही, म्हणून निर्यातीच्या बाटलीला नाव दिले ओमर खय्याम. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ती इंग्लंडच्या दुकानांत दिसू लागली. भारतातली वाइन हीच तेव्हा तिथल्या लोकांना गंमत वाटायची, आणि त्यात ही चक्क बुडबुड्यांची.

नावाची निवड विक्रीच्या हिशेबाने झाली असणार, पण मराठी वाचकाला ते नाव परके नव्हते. माधव जूलियनांनी १९२९मध्ये ‘उमरखय्यामकृत रुबाया’ आणि १९३१मध्ये ‘द्राक्षकन्या’ प्रसिद्ध केली होती. त्याहून जुना धागा तर आमच्या नगरचाच आहे. तुर्शीझचा फारसी कवी जुहूरी निजामशाहीच्या आश्रयाला आला आणि त्याने आपला प्रदीर्घ ‘साकीनामा’ दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाला (कारकीर्द १५९१ ते १५९५) अर्पण केला. साकी, म्हणजे प्याला भरणारा. खय्यामचे निशापूर आणि जुहूरीचे तुर्शीझ, दोन्ही खुरासानातली. भुईकोट किल्ल्यात नेहरूंची खोली दाखवणारे आम्ही नगरकर पाहुण्यांना हे कधी सांगत नाही. मलाही शाळेत कुणी सांगितले नाही.

मला बरीच वर्षे पडलेला प्रश्न वेगळाच होता. आपल्याकडे आधुनिक वाइनची खटपट सुरू झाली तेव्हा साधी लाल-पांढरी सोडून सर्वांत अवघड, सर्वांत वेळखाऊ प्रकाराला हात का घातला? निर्यातीत शॅम्पेनच्या रुबाबाला भाव होता हे एक कारण. दुसरे मला द्राक्षाच्या बागेत कळले, आणि तेही मामासोबत.

२०१९च्या फेब्रुवारीत आम्ही नाशिकला एका लग्नाला गेलो होतो. मामाने तीस वर्षे थॉमसन लावलेली. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, डाऊनी, भुरी, अवकाळी गारा, हे सगळे अंगावर काढलेले. ‘दारूची द्राक्षं कशी असत्यात ते बघू तरी’ म्हणाला, म्हणून त्याला गंगापूर धरणाच्या बाजूला यॉर्कमध्ये नेले. यॉर्क ही गुरनानी कुटुंबाची वायनरी. वडील आणि दोन मुलगे ती चालवत, आणि नाव तिघा भावंडांच्या आद्याक्षरांवरून जुळवलेले. त्या बाजूच्या एका बागेत मामाने विचारून एक मणी तोंडात टाकला. लहान, जाड सालीचा, बिया असलेला. त्याने डोळेच मिटले. ‘हे तोडायला झालं म्हणत्यात? व्यापाऱ्याला असला घड दाखवला असता तर गाडी रिकामीच माघारी गेली असती.’

इथेच उत्तर होते. साध्या वाइनसाठी द्राक्षाची साखर २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत चढू देतात. दख्खनच्या उन्हात साखर चढते, पण तेवढ्यात आंबटपणा जळून जातो आणि वाइन पांचट होते. फसफसणाऱ्या वाइनला मात्र आंबट रसच हवा असतो, म्हणून तोडणी लवकर, १८ ब्रिक्सच्या आतबाहेर. म्हणजे आपल्या हवेचा दोष इथे थोडा तरी चुकवता येतो. शिवाय द्राक्षाला स्वतःचा फार गंध नसला तरी चालते. सुरुवातीला नारायणगावातही थॉमसनसारखे खायचे द्राक्ष वापरले गेले, आणि ते खपले, कारण अर्धी चव द्राक्षातून येतच नाही. ती येते मेलेल्या यीस्टमधून.

ते असे. आधी आंबट रसाची कोरडी वाइन करायची. ती बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालून झाकण लावायचे. बाटलीत पुन्हा आंबवण होते, वायूला बाहेर पडायला वाट नसते, तो वाइनमध्येच मुरतो. दाब पाच-सहा वातावरणांपर्यंत जातो, मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून जास्त. म्हणून ती काच जाड आणि बुडाला खळगा. मग बाटल्या महिनोन् महिने आडव्या, कधी वर्षानुवर्षे. यीस्ट मरून गाळ होतो आणि वाइनला भाजलेल्या पावाचा वास देतो. शेवटी बाटल्या हळूहळू फिरवत तोंडाकडे झुकवायच्या, गाळ तोंडाशी आला की तेवढाच भाग गोठवून झाकण काढायचे. दाबाने गाळ उडून जातो, मग कायमचे बूच.

या सगळ्या काळात पैसा काचेत अडकलेला असतो. असली वाट बघणे कुटुंबाला जमते, कारण कुटुंबाला तिमाहीचा हिशेब कुणाला द्यायचा नसतो. पण तोच धंदा एका घराच्या उमेदीवर उभा असतो, हेही खरे. इंदाज वाढली, शेअर बाजारात होती, परदेशातल्या वाइन कंपन्या विकत घेतल्या, कर्ज चढले, २००८ची मंदी आली, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात कंपनी अवसायनात जाण्यापर्यंत पोहोचले. ज्यांनी महाराष्ट्राला बुडबुडे शिकवले त्यांचे नाव आज दुकानाच्या फळीवर नाही. मला हे अजून खटकते. यॉर्कही २०२१मध्ये सुलाने घेतली.

तेव्हा आणलेली शेनिन ब्लांची बाटली मात्र माझ्या नगरच्या घरी कपाटातच राहिली. आईच्या नजरेआड ठेवायची म्हणून, आणि मग विसरलो म्हणून. तीन उन्हाळे तिने कपाटात काढले, हे जाणकारांनी वाचू नये.

ती उघडली २०२२च्या फेब्रुवारीत. २७ जानेवारीला राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला मुभा देण्याचा निर्णय घेतला होता आणि राळेगणसिद्धीतून अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला होता. मामा डोळे तपासायला आमच्याकडे उतरला होता. टीव्हीवर कुणी म्हणत होते, हा शेतकऱ्यांच्या हिताचा निर्णय. मामा हसला. राळेगणने दारूच्या भट्ट्या बंद केल्या त्या काळची आठवण त्याला आहे, दारूने उठलेली घरेही त्याने पाहिली आहेत. पण तो म्हणाला, ‘ऊस लावला तर मळीची दारू कुठं जाती ते कुणी इचारत नाही. द्राक्षालाच पाप लागतं व्हय?’ आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने आणि त्यांच्या आसवन्या किती आहेत ते पाहता, याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

बूच हलक्या फुस्स आवाजाने निघाले. आई स्वयंपाकघरात गेली, पण दार लोटले नाही. चहाच्या काचेच्या ग्लासात ओतली. बुडबुडे बारीक, थोडे थकलेले. पहिल्या घोटाला कैरीच्या फोडीसारखा करकरीत आंबटपणा, मग लिंबाची साल, आणि मागून, खरोखरच, बेकरीतून नुकत्या निघालेल्या लादीचा वास. शेवटी जिभेच्या कडांवर किंचित कडवटपणा. फार थोर नाही, पण लबाडही नाही. मी दुसरा ग्लास भरला.

मामाने माळेला हात लावून ग्लास नाकाशी नेला, ओठाशी नाही. बराच वेळ हुंगत राहिला.

‘आंबलेल्या पिठाचा वास हाय,’ म्हणाला. ‘द्राक्षाचा न्हाई.’

मी म्हटले, ‘ते यीस्ट, मामा.’

‘असंल.’ ग्लास खाली ठेवून त्याने बाटली उचलली, वजन पाहिले, बुडाच्या खळग्यात अंगठा घातला.

‘रिकामी झाली की मला दे. आमची त्या पिराची गेल्या साली हरवली.’