पपईचा चीक आणि ‘कृमिघ्न’ हा शब्द

औषधींच्या इतिहासात शब्दांची साक्ष मोलाची असते. मात्र प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी करणे अवश्य असते. कच्च्या पपईचा चीक पोटातील जंतांवर गुणकारी आहे ही समजूत आपल्याकडे रूढ आहे. एवढ्या आधारावर हे औषध संहिताकाळाइतके जुने असल्याचे विधान विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतूनही कधीकधी केलेले आढळते. त्याची परीक्षा करणे हा या टिपणाचा हेतू आहे.

कृमींचा विचार आपल्याकडे प्राचीन आहे, यात शंका नाही. अथर्ववेदात कृमिनाशनाची सूक्ते आहेत. चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात कृमींचे वीस प्रकार सांगून अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानवर्जन अशी त्रिविध चिकित्सा दिली आहे. अमरकोशात ‘कृमिघ्न’ हा विडंगाचा, म्हणजे आपल्या वावडिंगाचा पर्याय आहे. मराठीत तर ‘जंतु’ या शब्दाचा मूळचा ‘कोणताही प्राणी’ हा अर्थ आक्रसून ‘जंत’ हे रूप पोटातील कृमींपुरतेच उरले. व्याधीचा परिचय किती निकटचा होता, हे एवढ्यावरूनही कळते.

परंतु या परंपरेत पपईला स्थान असणे शक्य नाही. हे झाड मूळचे अमेरिकेतील. पपया, पोपई, पपई ही आपली रूपे ज्या शब्दापासून आली, तो कॅरिबियन प्रदेशातील मूलवासी भाषांतून स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांत शिरला. १५८३ पासून काही वर्षे गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हे फळ स्पॅनिश इंडीजमधून फिलिपाइन्समार्गे मलाक्क्यास व तेथून हिंदुस्थानात आल्याचे नमूद केले आहे. ‘एरण्डकर्कटी’ हे संस्कृत नाव पाहिले तर तेही हीच गोष्ट सांगते. ज्याची पाने एरंडासारखी आणि फळ काकडीसारखे, त्याला जुन्या दोन नावांची जोड देऊन नवे नाव घडविलेले स्पष्ट दिसते. अननसाचे तसेच, तो शब्द तुपी भाषेतून पोर्तुगीजांनी आणला.

चिकाचा कृमिनाशक उपयोग १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध झालेल्या डायमॉक, वॉर्डन व हूपर यांच्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’त नोंदलेला आहे. डायमॉक हे मुंबईत सरकारी औषधभांडाराचे काम पाहत. त्यापूर्वीच, १८७९ मध्ये, पॅरिसचे रसायनज्ञ वुर्ट्झ आणि वैद्य बुशू यांनी चिकातील प्रथिनपाचक द्रव्य वेगळे करून त्यास ‘पपेन’ हे नाव दिले. येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. ‘एन्झाइम’ हा शब्द क्यूने यांनी १८७७ मध्ये प्रचारात आणला होता, तरी वुर्ट्झ ‘फेर्मां’ असेच लिहितात. आपल्याकडे ‘किण्व’ हा अर्थशास्त्रात मद्याच्या प्रकरणी येणारा शब्द हाताशी असता ‘विकर’ हा नवा शब्द रुळला. आमच्या मते दोहोंत ‘किण्व’ अधिक बोलका होता.

दक्षिण अमेरिकेत हेच ज्ञान दुसऱ्या झाडावर उभे राहिले. तेथील रानटी अंजीरवर्गीय वृक्षाचा चीक, ‘लेचे दे इगेरोन’, लोक जंतांवर पीत. १९३० मध्ये रॉबिन्स यांनी त्यातील कृमिनाशक घटक प्रथिनपाचक विकर असल्याचे दाखविले. त्यास ‘फायसिन’ म्हणतात. बर्जर व असेन्हो यांनी १९३९ मध्ये अननसाच्या ताज्या रसाची आणि १९४० मध्ये स्फटिकरूप पपेनची कृमिनाशकता प्रसिद्ध केली.

मग यजमानाच्या पाचकरसांत सुखाने राहणारा कृमी या रसांपुढे का टिकत नाही? गोलकृमीजवळ ट्रिप्सिनादी विकरांना रोखणारी द्रव्ये असतात. वनस्पतींची ही विकरे मात्र सिस्टीन वर्गातील, म्हणजे वेगळ्या धाटणीची. ती कृमीचे बाह्य कवच पचवितात. शरीरातील द्रवाच्या दाबाने ते फुटते आणि कृमी मरतो. चीक ताजा असताना प्रभावी, पण मुखाच्या व आतड्याच्या अस्तरासही दाहक. शिवाय तो साठविणे कठीण. १९६१ मध्ये थायाबेंडाझोल आल्यावर संश्लिष्ट औषधांपुढे तो मागे पडला. १९६४ मध्येच मेंढ्यांच्या कृमींत त्या औषधास प्रतिकार आढळला, आणि पुढे अशी उदाहरणे वाढत गेल्यावर नॉटिंगहॅम येथील स्टेपेक, बेहंके प्रभृतींनी २००४ पासून हा विषय पुन्हा हाती घेतला. सिस्टीन विकरांना बांधून टाकणारे द्रव्य मिसळताच रसाची कृमिनाशकता नाहीशी होते, हे त्यांनी दाखविल्यामुळे कार्यकर्ता कोण याविषयी संशय उरला नाही.

विद्यार्थ्यांनी एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. पपईच्या बियांचा परिणाम मुख्यतः बेंझिल आयसोथायोसायनेट या द्रव्यामुळे होतो, वावडिंगातील एंबेलिन हे क्विनोनवर्गीय आहे; दोहोंपैकी एकही विकर नाही. ‘कृमिघ्न’ हा शब्द काय घडते ते सांगतो, कसे घडते ते नव्हे. म्हणून विडंगाला दिलेले ते विशेषण पपईच्या चिकाच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून वापरता येत नाही.