चहा, मैदा आणि तंबाखू

शाळेच्या पुस्तकात ज्यांना ‘एस्किमो’ म्हटलं जायचं, ते कॅनडाचे लोक स्वतःला इन्युइट म्हणवतात. त्यांच्याबद्दल आज एक गोष्ट हमखास सांगितली जाते. नुनावुत या त्यांच्या प्रदेशात निम्म्याहून जास्त प्रौढ माणसं सिगरेट ओढतात. त्यात गरोदर बायकाही आल्या. हे वाचलं की आपण पटकन म्हणतो, ‘यांना कळत नाही का?’ उत्तर शोधायचं तर आधी त्यांच्या ताटाकडे बघावं लागतं.

आपल्याकडे सी जीवनसत्त्व म्हटलं की आवळा, पेरू, लिंबू आठवतं. आर्क्टिकमध्ये यातलं काहीच उगवत नाही. युरोपातून आलेले खलाशी तिथे स्कर्व्हीने मरत होते आणि इन्युइट बायका मुलांना जन्म देऊन वाढवत होत्या. हे जमलं ते कच्च्या खाण्यामुळे. मक्ताक म्हणजे देवमाशाची चरबीसकट कातडी. कच्च्या मक्ताकच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३६ मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व असतं, म्हणजे जवळपास लिंबाच्या रसाइतकं. शिजवलं की ते कमी होतं. जीवनसत्त्वाचं नाव ठाऊक नव्हतं, पण काय कच्चं खायचं हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. मांस कापायची बायकांची खास सुरी होती, तिचं नाव उलू.

एकोणिसाव्या शतकात देवमाशांच्या शिकारीसाठी परदेशी जहाजं आली आणि त्यांच्याबरोबर तंबाखू आला. मग हडसन्स बे कंपनीने दुकानं थाटली. उत्तर क्वेबेकच्या किनाऱ्यावर वोल्स्टनहोमचं ठाणं १९०९ साली सुरू झालं. पांढऱ्या कोल्ह्याची कातडी द्यायची आणि चहा, मैदा, तंबाखू घ्यायचा. तिन्ही वस्तू एकाच गल्ल्यावर मिळायच्या. १९४५ साली कॅनडाने मुलांसाठी कुटुंबभत्ता सुरू केला. इन्युइट कुटुंबांना तो रोख न देता बहुतेक वेळा वस्तूंच्या रूपात, दुकानांमार्फत दिला गेला. त्यात दुधाची पावडर आणि डब्यातलं बाळांचं खाणं होतं. पुढच्या दोन दशकांत शिकारीच्या मागे फिरणारी कुटुंबं शाळा आणि दवाखान्याभोवतीच्या वस्त्यांमध्ये स्थिरावली. ताटातली शिकार कमी झाली, सिगरेट मात्र राहिली.

आता शरीराचा हिशोब बघा. प्रौढ बाईला दिवसाला ७५ मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व लागतं, गरोदरपणात ८५. सिगरेट ओढणाऱ्याला त्यावर आणखी ३५ लागतं, कारण धुरामुळे शरीरातलं सी जीवनसत्त्व लवकर खर्च होतं. म्हणजे गरज वाढली ती नेमकी पुरवठा आटला तेव्हा. दक्षिणेकडून नुनावुतच्या एकाही वस्तीला रस्ता जात नाही. संत्रं येतं ते विमानाने, आणि त्याची किंमतही तशीच असते. धूम्रपानाने बाळाचं वजन कमी भरतं, तो फटका वेगळाच.

‘मग जुनंच खा ना!’ हेही सोपं राहिलं नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस उत्तर क्वेबेकमधल्या इन्युइट मातांचं दूध तपासलं, तेव्हा त्यात पीसीबी ही विषारी रसायनं दक्षिणेतल्या बायकांच्या दुधापेक्षा सुमारे पाचपट निघाली. ती वापरली होती दूरच्या कारखान्यांनी. हवा आणि समुद्रातून ती उत्तरेला पोहोचली आणि सील, देवमाशांच्या चरबीत साठत गेली. शीला वॉट-क्लुटिए या इन्युइट नेत्या हा प्रश्न घेऊन आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत उभ्या राहिल्या. २००१च्या स्टॉकहोम करारात अशा रसायनांवर बंधनं आली. करारात आर्क्टिकच्या लोकांचा उल्लेखही आहे.

सिगरेट सुटायला हवी, यात वाद नाही. पण दुकान तिने उघडलं नव्हतं, वस्ती तिने ठरवली नव्हती, समुद्रात विष तिने मिसळलं नव्हतं. सल्ला मात्र तिला एकटीलाच मिळतो. तो देणाऱ्याने शिकारीच्या बोटीच्या पेट्रोलचा आणि संत्र्याचा भावही विचारायला हवा, कारण सिगरेट सोडली तरी तिला रोज जेवायचं असतंच.