ग्रंथाचा ताबा आणि एक तुटलेली जोडणी

ई-रीडर केबलने संगणकाला जोडावा आणि पडद्यावर काहीच उमटू नये, हा अनुभव अनेकांच्या परिचयाचा आहे. समोरचा संगणक रास्पबेरी पायसारखा, म्हणजे एकाच सर्किट बोर्डावर मावणारा व लिनक्सवर चालणारा असेल, तर ही शक्यता अधिकच. आपण तिला तांत्रिक कटकट समजून सोडून देतो. परंतु या न जुळण्यालाही एक इतिहास आहे आणि तो साहित्याच्या अभ्यासकाने पाहण्याजोगा आहे. कारण विकत घेतलेल्या ग्रंथाचा ताबा कोणाकडे राहतो, हा प्रश्न त्याच्या तळाशी आहे.

सोनी कंपनीने 2004 मध्ये जपानमध्ये ‘लिब्रिए’ हा ई-शाईचा वाचक-संच आणला. त्यावर घेतलेले पुस्तक साठ दिवसांनी मिटत असे. वाचकाला ग्रंथ मिळत नसे, मुदत मिळत असे. 2006 मध्ये याच कंपनीचा ‘पीआरएस-500’ अमेरिकेत विक्रीस आला. त्याच्या अंतरंगात लिनक्सच चालत होते, परंतु त्यात पुस्तके भरण्याची आज्ञावली मात्र केवळ विंडोजसाठी होती. हा संच साध्या पेनड्राइव्हप्रमाणे उघडतही नसे. केबलवरून तो स्वतःच्या खाजगी संकेतांत बोले आणि ते संकेत कंपनीने जाहीर केलेले नव्हते.

कोविद गोयल या भारतीय तरुणाने 31 ऑक्टोबर 2006 रोजी या कोंडीवर काम सुरू केले. केबलवरून काय ये-जा होते ते न्याहाळून त्याने संकेतांचा अर्थ लावला आणि लिनक्सवर चालणारी ‘लिबपीआरएस500’ ही आज्ञावली लिहिली. पुढे सोनीच्या ‘एलआरएफ’ या बंदिस्त ग्रंथस्वरूपाचीही उकल झाली. 2008 मध्ये या आज्ञावलीला ‘कॅलिबर’ हे नाव मिळाले. आज ई-पुस्तकांचा संग्रह करणाऱ्या जगभरातील वाचकांचे ते मुख्य साधन आहे. मराठीच्या अभ्यासकाला येथे महानुभावांच्या सकळ लिपीची आठवण व्हावी. वि. का. राजवाडे यांनी तिची उकल केली आणि मठांत जपलेले वाङ्मय अभ्यासकांपुढे आले. महानुभावांनी श्रद्धेपोटी ग्रंथ झाकले, कंपनीने व्यापारापोटी. दोन्हीकडे किल्ली मात्र कोणाला तरी बाहेरून घडवावी लागली.

त्यानंतरचा काळ तुलनेने मोकळा होता. 2007 मध्ये आलेले सोनीचे ‘पीआरएस-505’ आणि ॲमेझॉनचे ‘किंडल’ हे दोन्ही संच संगणकाला साध्या डिस्कसारखे दिसत. 29 फेब्रुवारी 2012 रोजी रास्पबेरी पाय विक्रीस आला तेव्हा त्याला किंडल जोडणे तत्त्वतः सोपेच होते. अडचणी होत्या त्या भौतिक. अनेक केबलींत केवळ वीज वाहणाऱ्या तारा असतात, माहिती वाहणाऱ्या नसतात. अशा केबलवर ई-रीडर चार्ज होतो, पण संगणकाला दिसत नाही. दुसरी अडचण विजेची. पहिल्या पायच्या यूएसबी जोडणीवर सुमारे 140 मिलिअँपिअरची मर्यादा होती आणि ई-रीडर तर जोडताक्षणी चार्ज होऊ पाहतो. म्हणून शोध क्रमानेच घ्यावा: आधी केबल बदलावी, मग स्वतंत्र वीजपुरवठा असलेला यूएसबी हब मध्ये घालावा, मग ‘एलएसयूएसबी’ आणि ‘डीमेसग’ या आज्ञांनी कर्नलच्या नोंदी वाचाव्यात. नोंदींत संचाचे नावच नसेल, तर दोष बहुधा तारेत किंवा विजेत असतो. नाव आहे पण फाइली दिसत नाहीत, असे असेल तर कारण आज्ञावलीत शोधावे.

हे दुसरे कारण आज अधिक भेटते. मायक्रोसॉफ्टने आखलेला ‘एमटीपी’ हा प्रोटोकॉल 2008 मध्ये यूएसबीच्या मानकांत समाविष्ट झाला. साध्या डिस्कच्या पद्धतीत संच आपले भांडार संगणकाच्या हाती सोपवतो. एमटीपीत भांडाराच्या दाराशी संच स्वतः बसतो आणि मागितलेली फाइल तेवढी बाहेर देतो. यात सोयही आहे. संगणक भांडार वापरत असताना संचाला स्वतःचे काम थांबवावे लागत नाही. 2024 मध्ये आलेली किंडल याच पद्धतीने बोलतात. लिनक्सवर त्यासाठी ‘लिबएमटीपी’ ही संहिता लागते. शिवाय फाइल व्यवस्थापकाने जोडणी आधीच पकडली असेल, तर कॅलिबरला प्रवेश मिळत नाही. तो व्यवस्थापक बंद करताच संच दिसू लागतो.

जोडणी अशी सुधारता येते, पण तेवढ्याने ग्रंथ हाती येतोच असे नाही. जुलै 2009 मध्ये ॲमेझॉनने विक्रीच्या हक्काचा वाद उद्भवल्यावर ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके दूरस्थपणे काढून घेतली. त्यांतील एक ‘नाइन्टीन एटी-फोर’ होते. कंपनीने नंतर क्षमा मागितली. 26 फेब्रुवारी 2025 पासून विकत घेतलेले किंडल-पुस्तक संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून केबलने संचात नेण्याची सोयही बंद झाली. 2016 पासून किंडलवर मराठी पुस्तकेही मिळतात. तेव्हा हा प्रश्न आपल्याही घरचा आहे.

पाठचिकित्सेचे शास्त्र एकाच आधारावर उभे आहे: एका ग्रंथाच्या अनेक प्रती अनेक हातांत, एकमेकींपासून स्वतंत्र असाव्यात. ‘लीळाचरित्रा’चे पाठभेद आपण ताडून पाहू शकतो, ते निरनिराळ्या पोथ्या निरनिराळ्या ठिकाणी टिकल्या म्हणून. विक्रेत्याच्या भांडारात एकच प्रत असेल आणि ती कोणाला न सांगता बदलता येत असेल, तर उद्याच्या संशोधकाने पाठभेद कशाशी ताडायचे? गोयल यांनी 2006 मध्ये सोडवलेला पेच वरवर एका केबलचा होता. प्रत्यक्षात त्यामुळे वाचकाजवळ स्वतंत्र प्रत राहण्याचा मार्ग खुला झाला. म्हणून न जुळणारी केबल दुरुस्त करण्याची खटपट आपल्या विद्येशी परकी मानू नये. पोथीची नक्कल करून ठेवणाऱ्यांच्या परंपरेतच तिचे स्थान आहे.