पॅरामीटर स्वीप (विद्युतचुंबकीय सिम्युलेशन)

विद्युतचुंबकीय सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये रचनेचे एखादे माप, कोन किंवा पदार्थाचा गुणधर्म ठरावीक पायऱ्यांनी बदलत नेऊन दर पायरीला तीच गणना नव्याने करून घेण्याची पद्धत. जी राशी बदलायची तिला पॅरामीटर (कोशीय परिभाषेत प्राचल) म्हणतात. फ्रिक्वेन्सी स्वीप ही निराळी बाब होय : तिच्यात रचना तीच राहते आणि केवळ कंप्रता बदलते. पॅरामीटर स्वीपच्या प्रत्येक पायरीत सहसा एक संपूर्ण फ्रिक्वेन्सी स्वीप दडलेला असतो, म्हणूनच हे काम वेळखाऊ ठरते. प्रयोगशाळेत ‘स्वीप लावणे’ असे म्हणतात, आणि तो बहुधा रात्री लावला जातो.

पार्श्वभूमी : मॅक्सवेलची समीकरणे संगणकावर सोडवण्याच्या मुख्य रीती तीन. केन यी यांनी 1966 मध्ये मांडलेली काल-प्रांतातील परिमित-अंतर रीत, रॉजर हॅरिंग्टन यांच्या 1968 च्या ग्रंथामुळे रूढ झालेली मोमेंट रीत आणि परिमित घटक रीत. एचएफएसएस हे सॉफ्टवेअर तिसऱ्या रीतीवर चालते. सीएसटी या सॉफ्टवेअरचा काल-प्रांतातील सॉल्व्हर पहिलीच्या जवळचा आहे. तारांच्या अँटेनांसाठी मोमेंट रीतीवरील एनईसी-2 आणि मोटरच्या द्विमितीय कामासाठी एफईएमएम हे विनामूल्य पर्याय आहेत.

अहिल्यानगर जिल्हा : पुढील उदाहरणे मुख्यतः या जिल्ह्याच्या व परिसराच्या संदर्भातील आहेत. जिल्ह्यात (2024 पर्यंत अधिकृत नाव अहमदनगर) लोणी, संगमनेर व कोपरगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालये 1983 या एकाच वर्षी सुरू झाली. इलेक्ट्रॉनिक्स शाखेच्या विद्यार्थ्याची स्वीपशी पहिली गाठ बहुधा मायक्रोस्ट्रिप पॅच अँटेनाच्या प्रकल्पात पडते. या विषयावर गिरीश कुमार (आयआयटी, मुंबई) आणि के. पी. राय यांचा 2003 चा ग्रंथ बराच वापरला जातो.

वाय-फायच्या पॅच अँटेनाचे नेहमीचे उदाहरण 2.45 गिगाहर्ट्‌झचे. 1.6 मिमी जाडीच्या एफआर-4 पत्र्यावर, विद्युतपारकता 4.4 धरल्यास, सूत्रांवरून पॅचची रुंदी सुमारे 37.3 मिमी व लांबी 28.8 मिमी निघते. लांबी 28 पासून 30 मिमीपर्यंत 0.2 मिमीच्या पायरीने बदलली की अकरा गणना होतात. लांबी 0.1 मिमीने वाढली तर अनुस्पंदन साधारण 8 मेगाहर्ट्‌झने खाली सरकते. फीडची (अँटेनाला संकेत पुरवणाऱ्या जोडणीची) जागा बदलली तर कंप्रता फारशी हलत नाही, जुळणी मात्र सुधारते किंवा बिघडते. दोन्ही मापे एकाच वेळी बदलणाऱ्याला यातले काहीच उमगत नाही.

प्रकल्प-अहवालांत लांबी-रुंदीचे आलेख पानोपानी असतात, पत्र्याच्या विद्युतपारकतेचा स्वीप क्वचितच. वास्तविक तोच आधी लावायला हवा. एफआर-4 हा मूळचा सर्वसाधारण सर्किट बोर्डाचा माल असल्याने त्याची विद्युतपारकता पुरवठादारागणिक बदलते. ती 4.4 ऐवजी 4.2 निघाली तर अनुस्पंदन सुमारे 55 मेगाहर्ट्‌झने वर जाते. वाय-फायचा हा पट्टा 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्‌झ, म्हणजे मध्यापासून कड जेमतेम 42 मेगाहर्ट्‌झवर. लांबी 0.01 मिमीपर्यंत शोधून काढलेला अँटेना पत्रा बदलताच पट्ट्याच्या कडेबाहेर जाऊन बसतो.

जाळी : गणनेसाठी रचनेचे लहान घटकांत विभाजन करतात, त्याला जाळी म्हणतात. अनुकूली जाळी प्रत्येक पायरीला नव्याने विणली जाते, त्यामुळे लगतच्या दोन उत्तरांतील फरकात भौतिकीचा वाटा किती व जाळीचा किती हे तपासावे लागते. जाळी बारीक करण्याच्या दोन फेऱ्यांतील परावर्तन-गुणांकाचा फरक 0.02 पर्यंत चालेल अशी सूट दिली असेल, तर त्याहून लहान चढउतारांना अर्थ नाही. चौकोनी घरांच्या जाळीत उलटा प्रकार होतो : माप घराच्या आकारापेक्षा कमी बदलले तर उत्तर हलतच नाही आणि मग एकदम उडी मारते. दातेरी आलेख दिसला की पायरी बारीक करण्याआधी जाळी बारीक करावी.

खोडद : जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप (जीएमआरटी) पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे आहे. पण ज्या जुन्नर तालुक्यात ही दुर्बीण येते त्याची हद्द अकोले, संगमनेर व पारनेर या तालुक्यांना भिडते, आणि तिच्या अँटेना-रचनेचे तपशीलवार लेखन उपलब्ध आहे, म्हणून ती इथे घेतली आहे. गोविंद स्वरूप (1929–2020) यांच्या पुढाकाराने उभारलेल्या या दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. तबकडीचा पृष्ठभाग भरीव नसून दोरांच्या सांगाड्यावर ताणलेल्या पोलादी तारेच्या जाळीचा आहे, तार 0.55 मिमीची आणि जाळीची घरे 10 ते 20 मिमीची. 327 मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी सुमारे 92 सेंमी असते, म्हणजे तबकडी 49 तरंगलांब्या रुंद. इतकी मोठी रचना तारांसकट दर पायरीला पूर्णपणे सोडवणे परवडत नाही. म्हणून स्वीप लावायचा तो नाभीजवळच्या फीडवर, म्हणजे तबकडीने एकवटलेले तरंग टिपणाऱ्या लहान अँटेनावर. तबकडीचा परिणाम त्यानंतर भौतिक प्रकाशिकीच्या स्थूल रीतीने काढायचा.

नाभीय अंतर 18.54 मीटर असल्याने नाभीपासून तबकडीची कड अक्षाशी 62.5 अंशांचा कोन करते. फीडची बरीचशी परीक्षा या एका कोनावर होते. तिथे तीव्रता मध्यापेक्षा ढोबळमानाने 10 डेसिबलने उतरलेली हवी. ती कमी उतरली तर फीड तबकडीबाहेरच्या उबदार जमिनीचा गोंगाट टिपतो. जास्त उतरली तर तबकडीची कड वाया जाते. शिवाय एकमेकांना लंब अशा दोन्ही प्रतलांत फीडचा प्रारण-आकृतिबंध सारखा हवा, आणि साध्या डायपोलचा तो तसा नसतो. 327 मेगाहर्ट्‌झच्या जुन्या फीडमध्ये यासाठी डायपोलवर एक कडे बसवले होते. अशा रचनेत कड्याचा व्यास, त्याची उंची आणि परावर्तकापासून डायपोलचे अंतर ही तीन मापे मुख्य.

सुधारित दुर्बिणीत (युजीएमआरटी) 250–500 व 550–850 मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यांसाठी कोन-डायपोल (शंकू-डायपोल) फीड आले आणि स्वीपचा अर्थच बदलला. एका कंप्रतेच्या फीडला एक सर्वोत्तम माप सापडू शकते. पण 250 पासून 500 पर्यंत तरंगलांबी निम्मी होते, आणि खालच्या टोकाला उत्तम ठरणारे माप वरच्या टोकाला बिघाड करते. फीडचे कलाकेंद्रही (जिथून तरंग निघाल्यासारखे भासतात तो बिंदू) कंप्रतेनुसार सरकते, नाभी मात्र जागची हलत नाही. त्यामुळे इथे स्वीपच्या उत्तरांचा तक्ता वाचायचा तो ‘कुठे सर्वात चांगले’ असा नव्हे, तर ‘कुठेही फार वाईट नाही’ असा.

मोटर : नगर (अहिल्यानगर) शहरालगतच्या औद्योगिक वसाहतीत मोटरनिर्मिती होते. नगरशी नाते असलेल्या लूना मोपेडचा वारसा सांगणारी किनेटिक ग्रीनची ई-लूना 2024 मध्ये बाजारात आली, तिला 1.2 किलोवॉटची बीएलडीसी मोटर आहे. स्थायी चुंबकाच्या मोटरमध्ये रोटरचा कोन हाच नेहमीचा पॅरामीटर. 12 खाचा व 10 ध्रुवांच्या मोटरमध्ये कॉगिंग-आघूर्णाची (प्रवाह नसतानाही चुंबक व दाते यांच्या ओढीने येणाऱ्या आघूर्णाची) एका फेऱ्यात 60 आवर्तने होतात, कारण 12 व 10 यांचा लसावि 60. म्हणजे एक आवर्तन 6 अंशांचे. स्वीप 6 अंशांच्याच पायरीने लावला तर प्रत्येक वेळी आवर्तनातला तोच बिंदू सापडतो आणि कॉगिंग नाहीच असे दिसते. पायरी अर्ध्या अंशाच्या आत ठेवावी आणि हवा-फटीत जाळीचे तीन-चार थर असावेत. इंडक्शन मोटरमध्ये हवा-फट, खाचेचे तोंड व दातांची रुंदी बदलून पाहतात.

वाहनांची चाचणी : संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास संस्था (व्हीआरडीई) नगरला आहे, तेथे वाहनांच्या विद्युतचुंबकीय सुसंगततेच्या चाचण्या होतात. सीआयएसपीआर-25 मानकात सुट्या भागाचा केबल-जुडगा भू-पत्र्यापासून 50 मिमी उंचीवर ठेवतात. सिम्युलेशनमध्ये ही उंची पॅरामीटर करता येते. पेटीच्या झाकणातील फटीची लांबीही तशीच : 15 सेंमीची फट 1 गिगाहर्ट्‌झच्या सुमारास अर्ध-तरंग अँटेनासारखी वागते.

अनेक पॅरामीटर : तीन मापे, प्रत्येकी दहा मूल्ये, म्हणजे हजार गणना, एकीला सहा मिनिटे लागली तर शंभर तास. म्हणून आधी मोठ्या पायऱ्या, मग आशादायक भागात लहान, किंवा लॅटिन हायपरक्यूबसारखी नमुना-निवड. थेट ऑप्टिमायझर चालवावा की आधी स्वीप लावावा, याबद्दल मतभेद आहेत. वीज जाण्याचा संभव असेल तिथे प्रत्येक पायरीचे उत्तर लगेच साठवण्याची सोय चालू ठेवतात.

कॉन्टॅक्टर व रिले : यांच्या विद्युतचुंबकात फटीचा स्वीप लावतात ; संपृक्ततेआधी ओढ साधारणपणे फटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते.