बंगालचा गुलाब

फ्रान्समधील जुन्या बागांच्या याद्या चाळल्या, तर त्यांत 'बंगालचा गुलाब' या नावाचा एक वर्गच आढळतो. झाड आटोपशीर, काटे बेताचे, फूल फार मोठे नव्हे, सुगंधही मंदच. परंतु या गुलाबाच्या एका गुणापुढे बाकीच्या उणिवा कोणी मनात आणल्या नाहीत. तो बारमाही फुलतो. एका भारतीय प्रांताचे नाव युरोपच्या बागांत असे गौरवाने रुजलेले पाहून कोणालाही संतोष वाटावा. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. हा गुलाब बंगालचा नव्हेच, तो चीनचा. आणि जो खरोखर बंगालचा, तेथील नदीकाठच्या पाणथळीत आपोआप वाढणारा गुलाब आहे, त्याला आपल्या मुलखाचे नाव कधी मिळाले नाही. या दोन्ही गुलाबांची हकीकत कलकत्त्याच्या, म्हणजे आजच्या कोलकात्याच्या, परिसरात येऊन मिळते.

बारमाही फुलण्याचे एवढे अप्रूप का, हे आज चटकन ध्यानात येत नाही. घरापुढच्या अंगणात किंवा गच्चीवरच्या कुंडीत लावलेला गुलाब पुन्हापुन्हा फुलावा, हे आता गृहीतच धरले जाते. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातील बहुतेक गुलाब वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडाशी, चार-सहा आठवडे फुलत आणि मग वर्षभर नुसता पाला दाखवीत. शरद ऋतूत दुसऱ्यांदा थोडीफार फुले देणारा दमास्क जातीचा एक गुलाब काय तो याला अपवाद. चीनमधील माळ्यांनी मात्र कित्येक शतकांपूर्वीच सतत फुलणारी झाडे निवडून जोपासली होती. फुलण्याला आवर घालणारे एक जनुक या झाडांत निकामी झालेले आहे, असे २०१२ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. ज्या गुणासाठी जगाने या गुलाबाला डोक्यावर घेतले, तो मुळात एक बिघाड आहे, ही गोष्ट मोठी गमतीची.

या चिनी गुलाबाला हिंदुस्थानचे नाव चिकटले ते व्यापारामुळे. लिनिअसने १७५३ साली त्याला 'रोझा इंडिका' म्हटले. १७६८ साली व्हिएन्नाच्या जॅक्विनने 'रोझा चायनेन्सिस' हे योग्य नाव दिले. पण एकदा पडलेले नाव सहसा पुसले जात नाही. कँटन आणि कलकत्ता यांच्यामध्ये व्यापारी जहाजांची सतत ये-जा असे. त्यांच्याबरोबर चिनी रोपे हुगळीकाठच्या बागांत आली, येथल्या दमट हवेत सुखाने वाढली, आणि येथून पुढे गेलेल्या रोपांवर साहजिकच बंगालचा शिक्का बसला. ईस्ट इंडिया कंपनीचे एक संचालक गिल्बर्ट स्लेटर यांच्या इंग्लंडमधील बागेत १७९० च्या सुमारास गडद तांबडा चिनी गुलाब फुलला. कंपनीच्या एका कप्तानाने तो कलकत्त्यातच पाहून उचलून नेला, अशी परंपरागत हकीकत आहे. त्यानंतर १७९३ च्या सुमारास पार्सन्सचा गुलाबी, १८०९ साली ह्यूमचा फिकट गुलाबी आणि १८२४ साली पार्क्सचा पिवळा, असे आणखी तीन चिनी गुलाब इंग्लंडला पोचले. ह्यूमचा गुलाब तर, इंग्लंड आणि फ्रान्स यांचे युद्ध ऐन भरात असताना, नेपोलियनची पत्नी जोसेफिन हिच्या बागेसाठी सुरक्षित जाऊ देण्यात आला असे सांगतात.

ही रोपे पोचली हेच नवल. शिडाच्या जहाजावर चार-सहा महिने खारा वारा, अंधार आणि पिण्याच्या पाण्याचाच तुटवडा. तेथे रोपाला पाणी कोण घालणार? चीनमधून निघालेल्या हजार रोपांपैकी एखादेच इंग्लंडला जिवंत पोचते, असा अंदाज कंपनीचा तेथील डॉक्टर लिव्हिंग्स्टन याने १८१९ साली कळविला होता. अशा प्रवासात वाटेवरच्या बागेचे महत्त्व एखाद्या धर्मशाळेइतकेच होते.

ती धर्मशाळा म्हणजे हुगळीच्या पश्चिम तीरावरची शिबपूरची बाग. आज ती आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या नावाने ओळखली जाते आणि तेथला विशाल वटवृक्ष पाहिल्यावाचून महाराष्ट्रातील प्रवासी सहसा परतत नाही. १७८७ साली ती स्थापन झाली तेव्हा तिचा संस्थापक कर्नल रॉबर्ट किड याच्या मनात फुले नव्हतीच. १७७० च्या भीषण दुष्काळात बंगाल होरपळून निघाला होता. साबुदाण्यासारखी, दुष्काळात माणसाला तगवणारी झाडे येथे आणून वाढवावीत, हा त्याचा हेतू. १७९३ साली विल्यम रॉक्सबर्ग बागेचा अधीक्षक झाला आणि त्याने देशोदेशींच्या वनस्पती जमवून त्यांची काटेकोर नोंद केली. चीनहून आलेल्या, फळावर चेस्टनटसारखे काटे असणाऱ्या एका गुलाबाला पुढे त्याचेच नाव मिळाले: 'रोझा रॉक्सबर्गी'. माणूस कलकत्त्याचा, गुलाब चीनचा!

रॉक्सबर्गने केलेली बागेची यादी १८१४ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडली, ती विल्यम कॅरीच्या देखरेखीखाली. कॅरी हे नाव मराठी माणसाला परके नाही. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकविणारा, पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मोडी टाइपातील मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध करणारा मिशनरी तो हाच. मराठी शब्द गोळा करणाऱ्या या गृहस्थाला वनस्पती गोळा करण्याचाही तेवढाच नाद होता, ही बाजू मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. श्रीरामपूरला त्याची पाच-एक एकरांची बाग होती. १८२३ साली दामोदर नदीच्या महापुराने ती धुवून नेली. साठी ओलांडलेल्या कॅरीने ती पुन्हा उभी केली. त्याआधी, १८२० साली, त्याच्याच पुढाकाराने कलकत्त्यात कृषी व उद्यानविद्येची संस्था स्थापन झाली होती. तिची अलीपूरची बाग आणि तेथली हिवाळी पुष्पप्रदर्शने कोलकात्याच्या हौशी बागवानांना चांगली परिचित आहेत.

एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या साहेबांच्या बंगल्यांतून जे गुलाब लावले गेले, ते गरजेपेक्षा आठवणीतून निवडलेले असत. मायदेशी पाहिलेले भरदार, सुवासिक गुलाब जहाजाने मागवावेत आणि दोन-तीन पावसाळ्यांत ते मरावेत, हा क्रम. यात नवल नव्हते. कोलकात्यात वर्षाला १,६०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, माती गाळाची आणि पाणी धरून ठेवणारी, आणि ऐन जानेवारीतही पारा रात्री १४ अंशांच्या आसपासच थांबतो. थंड प्रदेशातील झाडाला हिवाळ्यात जी सक्तीची विश्रांती हवी ती येथे मिळत नाही. ते नुसते उंच वाढते आणि फुलण्याचे विसरते. ज्यांच्या अंगी चिनी रक्त अधिक, असे 'टी' जातीचे गुलाब मात्र येथे रमले. १८६० च्या दशकात फर्मिंगर या पाद्र्याने बंगाल आणि उत्तर हिंदुस्थानसाठी बागकामाचे पुस्तक लिहिले. त्याच्या पुढे कित्येक आवृत्त्या निघाल्या, कारण येथल्या हवेचा विचार करून सांगणारे तेव्हा दुसरे कोणी फारसे नव्हते.

हळूहळू कोलकात्याच्या बागवानाने आपले पंचांग ठरविले. पावसाळा हा गुलाबाने कसाबसा जगण्याचा काळ. दुर्गापूजेचा गलबला ओसरला, की ऑक्टोबरच्या अखेरीस छाटणी. त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी, नाताळच्या सुमारास, पहिला बहर. छाटणीच्या वेळी मुळे काही दिवस उघडी ठेवण्याचा विधी जुन्या बागवानांत होता. हल्लीचे जाणकार त्याचा आग्रह धरीत नाहीत. कुजविलेल्या मोहरीच्या पेंडीचे पाणी हे तेथले घरगुती खत. त्याचा वास शेजाऱ्यांनी सोसावा लागतो. जमिनीत पाणी साचते म्हणून उंच वाफे करावेत, आणि जमीनच नसेल तर गच्चीवर कुंड्या मांडाव्यात. गच्चीवरच्या कुंडीत पाण्याचा निचरा आपल्या हाती राहतो. म्हणून या शहरात गुलाबाने गच्ची पसंत केली असावी.

निवडीत वरच्या फुलाइतकाच खालचा खुंट महत्त्वाचा, हे मात्र घरी रोप आणणारा सहसा विचारात घेत नाही. पूर्व भारतात मल्टिफ्लोरा जातीच्या खुंटावर डोळा भरण्याची रीत आहे. महाराष्ट्रात 'एडवर्ड' ओळखीचा. या एडवर्डचे कूळ हिंदी महासागरातील रीयुनियन बेटावरचे. तेथे कुंपणाला चिनी गुलाब आणि दमास्क गुलाब शेजारी-शेजारी लावीत. त्यांच्या संकरातून उपजलेले झाड १८१७ साली ब्रेआँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेस पडले. म्हणजे पुण्या-नाशिकच्या बागेत खुंट म्हणून मुकाट्याने उभे राहणारे झाडही अर्धे 'बंगालचा गुलाब'च आहे. १८६७ च्या 'ला फ्रान्स'पासून सुरू झालेली 'हायब्रिड टी' जात, १९४५ चा 'पीस', हे सारे त्याच वंशाचे.

येथल्या हवेसाठी येथेच गुलाब घडवावेत, ही कल्पना भारतात रुजायला विसावे शतक अर्धे सरावे लागले. गव्हाचे संशोधक डॉ. बी. पी. पाल यांनी गुलाबाच्या अनेक जाती निर्माण केल्या. त्यांच्या एका पांढऱ्या गुलाबाला डॉ. होमी भाभा यांचे नाव आहे. भारतातील गुलाबांवरचा त्यांचा ग्रंथ १९६६ साली निघाला. तरीही नव्या जातींचे आईबाप बहुधा परदेशीच राहिले.

आणि बंगालचा तो खरा गुलाब? त्याचे शास्त्रीय नाव 'रोझा क्लिनोफिला'. रॉक्सबर्गने तो पाहिला आणि 'इनव्हॉल्यूक्राटा' म्हणून नोंदला; परंतु मान्य झाले ते १८१७ साली पॅरिसमध्ये थोरीने दिलेले नाव. पाच पाकळ्यांचे साधे पांढरे फूल, सदाहरित पाने. पावसाळ्यात नदी फुगली की हे झुडूप पाण्यात उभे राहते आणि मरत नाही. गुलाबाच्या कुळात असा गुण विरळाच. ज्या पाण्याने कलकत्त्याच्या बागांतील आयात गुलाब शेकड्याने कुजविले, तेच पाणी याचे घर. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत हार्डी या माळ्याने १८३० च्या दशकात त्याचा एक संकर साधला होता. शिबपूरच्या बागेपासून फार दूर नसलेल्या पाणथळीत वाढणाऱ्या या झाडाकडे भारतात मात्र पुढे दीड शतक कोणी संकरासाठी वळले नाही. प्रशासकीय सेवा सोडून गुलाबांच्या संकराला वाहून घेतलेले कोडाईकनालचे एम. एस. वीरराघवन यांनी ते काम हाती घेतले. क्लिनोफिलापासून त्यांनी तयार केलेल्या एका गुलाबाचे नाव आहे 'गँजेस मिस्ट', म्हणजे गंगेवरचे धुके.