दंड, ठिगळ आणि वाकळ : घरगुती शिवणकामाच्या इतिहासास शब्दांची साक्ष

महाराष्ट्रातील सामान्य घरांत जुन्या कापडातून जे कपडे सिद्ध होत, त्यांचे जुने नमुने फारसे हाती लागत नाहीत. ते झिजेपर्यंत वापरले जात आणि झिजल्यावर त्यांचेही दुसरे काही होई. शेले-शालू पेटीत राहिले. दंडाचे लुगडे राहिले नाही. या कपड्यांच्या इतिहासकारास म्हणून भाषेची साक्ष काढावी लागते, आणि ती अपेक्षेहून नेमकी आहे.

प्रथम ‘दंड’ हा शब्द घ्यावा. नऊवारी लुगडे सर्वत्र सारखे विरत नाही. बसण्या-उठण्याचा ताण जेथे पडतो तेथे ते आधी जाते. पदराकडील भाग पुष्कळ काळ टिकतो. विरलेला पट्टा कापून काढावयाचा आणि धड राहिलेले दोन भाग एकमेकांस शिवावयाचे, या जोडास दंड म्हणतात. लांबी अपुरी पडल्यास दुसऱ्या लुगड्याचा तुकडा जोडीत. मग रंग जुळो वा न जुळो. वस्त्र न बेतता नेसण्याची चाल असल्यामुळेच हे साधे. बेतून शिवलेल्या अंगरख्यास दंड घालता येत नाही, ठिगळच लावावे लागते. ‘रफू’ हा शब्द मात्र फारसीतून आला आणि त्याच्यासवे रफूगार हा व्यावसायिकही. त्याच्याकडे जाई ते किमती वस्त्र. दंड आणि ठिगळ ही घरच्या स्त्रियांची कामे.

दंड घालण्यापलीकडे गेलेल्या लुगड्याची झबली, टोपडी, कुंच्या व दुपटी होत. धोतराच्या पानाचे पंचे आणि लंगोट. येथे केवळ दारिद्र्य पाहणे बरोबर नव्हे. कोऱ्या कापडास खळ असते, ते ताठ लागते. अनेक धुण्यांनी मऊ झालेले सूत तान्ह्या मुलास सोसते. कावसजी दावर यांनी 1854 मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली, पुढे गिरणीचे कापड खेडोपाडी पोहोचले. तरी बाळंतिणीच्या खोलीत जुन्या लुगड्याची जागा त्याने घेतली नाही.

‘वाकळ’ आणि ‘गोधडी’ हे दोन्ही शब्द मोल्सवर्थच्या कोशात आहेत. वाकळीची परंपरा विशेष लक्षणीय होय. संस्कृत वल्कल, प्राकृत वक्कल, मराठी वाकळ : जोडाक्षर सुटून मागील स्वर दीर्घ झाला (कर्म, कम्म, काम याप्रमाणेच) आणि दोन स्वरांमधील ‘ल’चा ‘ळ’ झाला. तपस्व्याच्या सालीच्या वस्त्राचे नाव असे गृहस्थाच्या अंथरुणा-पांघरुणास मिळाले. गाडगेबाबांनी (1876–1956) चिंध्यांचे वस्त्र अंगावर वागविले आणि लोक त्यांस गोधडेबुवा म्हणू लागले, तेव्हा विरक्तीचा तो जुना अर्थ पुन्हा जवळ आला.

जीर्ण वस्त्र टाकून नवे घेण्याचा गीतेतील दृष्टान्त मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकला गेला. व्यवहारात मात्र त्या घरांनी जीर्ण वस्त्र सहसा टाकले नाही. वाकळही फाटली की तिचे पोतेरे होई. एखादी बरी चिंधी काकड्यासाठी बाजूस काढीत. ती पिळून, तेलात भिजवून पहाटेच्या आरतीस पेटवीत.